ऐकणाऱ्यांचा इतिहास



महाराष्ट्रात आणि गोव्यात ख्रिस्ती धर्माचा उपदेश झाला, त्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा बोलणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला. कोणते पाद्री कोणत्या साली आले, त्यांनी कुठे शाळा काढल्या, बायबलचा कोणता भाग केव्हा छापला, ही माहिती सहज मिळते. ज्यांनी तो उपदेश ऐकला त्यांच्याबद्दल मात्र आपण एकच प्रश्न विचारत आलो : बाटला की नाही? मिशनच्या वार्षिक अहवालात हाच रकाना असे आणि जातीच्या पंचांच्या तोंडीही हाच सवाल असे. दोघांच्या वह्या वेगळ्या, हिशेब एकच. या एका प्रश्नामुळे फार मोठी माणसे आणि फार मोठे अनुभव आपल्या नजरेतून सुटले, असे माझे मत आहे. म्हणून आज मी ऐकणाऱ्यांविषयी बोलणार आहे.

शुभवर्तमानात पेरणाऱ्याचा दाखला आहे, तो तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. काही बी वाटेवर पडते, काही खडकाळीत, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. ऐकणाऱ्यांत फरक का पडतो, याचे येशूने स्वतः दिलेले हे उत्तर. पण मराठी मुलखात काय घडले ते पाहताना हा दाखला मला अपुरा वाटतो. त्यातली जमीन बोलत नाही. इथली जमीन बोलली. तिने उलट प्रश्न केले, बियाणे पारखून घेतले, आणि कित्येकदा त्या पेरणीतून पेरणाऱ्याने कधी मनातही आणले नव्हते असे पीक काढले.

सुरुवात गोव्यापासून करायला हवी, कारण तिथे ऐकणाऱ्याला नाही म्हणायची मुभाच फारशी उरली नव्हती. तिसवाडीतली देवळे १५४०च्या सुमारास आणि बार्देश-सासष्टीतली १५६०च्या दशकात पाडली गेली. त्या काळात कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, नेण्यात आली. हाही एक प्रतिसादच होता. वाद नाही, चर्चा नाही. लोकांनी आपला देव उचलला आणि पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर नेला. बाकीचे मागे राहिले. घर, शेत, गावकारीचे हक्क सोडून जाणे सर्वांना जमण्यासारखे नव्हते.

मागे राहिलेल्यांनी काय ऐकले, हे शोधायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’कडे जावे लागते. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि सासष्टीत राहिले. त्यांचे पुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी ओवीतला हा प्रचंड ग्रंथ आपण भाषेच्या कौतुकापायी वाचतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याच्या आरंभी असलेला एक प्रसंग अधिक बोलका वाटतो. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूपाशी येतो आणि साधारण असे मागणे मांडतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? धर्म बदललेल्या माणसाची ही भूक आहे. प्रश्नोत्तरांची पोथी त्याला मिळाली होती. तिच्याने त्याचे भागत नव्हते. त्याला कथा हवी होती, ऐकत बसण्याची संध्याकाळ हवी होती. ज्याच्याकडून होकार घेतला गेला, त्याने आपल्या ऐकण्याची रीत मात्र सोडली नाही आणि शेवटी उपदेशकालाच ती शिकावी लागली.

आता मुंबईकडे येऊ. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली आले. इथे राज्य कंपनीचे होते, पण देवळे पाडण्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे श्रोत्याला जागेवर उभे राहून उत्तर देता येत होते. मोरभट दांडेकरांनी १८३१ साली विल्सनशी जाहीर वाद केला आणि आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकात मांडली. विल्सनने त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. पुढे १८५७च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांसमोर उभे राहिले. भोवती मोठी गर्दी जमे. त्या वादांचा एक वृत्तान्त जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने इंग्रजीत काढला आणि दुसरा विष्णुबुवांच्या बाजूने मराठीत निघाला. यातून कोण जिंकले याचा निर्णय मी देणार नाही. एवढेच म्हणतो, की कोकणातल्या गरीब घरातला, जकातखात्यात नोकरी केलेला हा माणूस पुढे ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहितो, सर्व प्रजेचे एक कुटुंब आणि जमीन सर्वांची, असे सांगणारा राज्यव्यवस्थेवरचा निबंध लिहितो. आपला धर्म सर्वांसमोर आणि सर्वांच्या भाषेत मांडून सिद्ध करावा लागतो, ही सवय या वादांनी मराठी माणसाला लावली. शास्त्रार्थ पूर्वीही होत होते, पण ते पंडितांच्या सभेत होत. किनाऱ्यावरच्या वाळूत उभा असलेला हमाल त्याचा श्रोता नव्हता. आता तोही श्रोता झाला.

याच मुंबईत आणि कुलाबा जिल्ह्यात एक असा समाज होता, ज्याच्या प्रतिसादाची आठवण फारशी कोणी काढत नाही. बेने इस्राएल. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे हे मराठी यहुदी. सुंता, शनिवारचा विसावा, काही उपास आणि एक मुख्य प्रार्थना त्यांनी शतकानुशतके जपली होती. हिब्रू ग्रंथ मात्र त्यांच्या हाती राहिले नव्हते. मिशनऱ्यांना वाटले, जुना करार मानणारे हे लोक नव्या करारापर्यंत सहज येतील. म्हणून त्यांनी या समाजासाठी शाळा काढल्या, त्यातल्या मंडळींना शिक्षक म्हणून नेमले. अमेरिकन मिशनने उत्पत्तीचे पुस्तक मराठीत छापले. विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले. बेने इस्राएलांनी हे सर्व मनापासून घेतले. मुले शाळेत गेली, हिब्रू शिकली, अब्राहाम-मोशेच्या कथा स्वतःच्या मातृभाषेत वाचू लागली. आणि त्यामुळे ती अधिक पक्की यहुदी झाली. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडणाच्या रात्रीची पोथी हिब्रू आणि मराठी मजकुरासह छापली गेली. १८८०च्या सुमारास त्यांनी कीर्तने सुरू केली, त्यात आख्यान असे ते जुन्या करारातले. शिकवणाऱ्यांचा हेतू एक आणि शिकणाऱ्यांनी साधलेले दुसरेच, तरी मनात कटुता नाही. या समाजाच्या आठवणींत मिशनरी गुरुजनांबद्दल आदर दिसतो. मला हा प्रसंग इतका मोलाचा वाटतो, कारण त्यात उपदेश फुकट गेला असे कोणालाच म्हणता येत नाही. एका समाजाला त्याचा हरवलेला ग्रंथ परत मिळाला.

पारशी समाजाची गोष्ट याच्या अगदी उलट. १८३९ साली विल्सनच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पारशी पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली, आणि पारशीच नव्हे, इतरांनीही. त्यानंतर पारशी विद्वान आपल्या धर्मग्रंथांच्या भाषांकडे नव्या तळमळीने वळले, त्याला हा धक्काही कारण झाला.

आता किमतीबद्दल बोलले पाहिजे. सारखे शब्द ऐकले तरी ऐकण्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नव्हती. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत काही काळ मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले, आणि खरा खटला तिथून सुरू झाला. परक्याच्या घरी जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे म्हणून झटले, आणि त्यापायी त्यांनी स्वतः बहिष्काराचा त्रास सोसला. या सगळ्या गदारोळात त्या मुलाने मिशनऱ्यांच्या घरी काय ऐकले, त्यातले त्याला काय पटले, याची विचारपूस झाल्याचे कुठे दिसत नाही. तो काय जेवला, एवढेच विचारले गेले. जवळपास पन्नास वर्षांनी, १८९०च्या ऑक्टोबरात, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि त्यानंतर चहाबिस्किटे दिली गेली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ज्या मेळाव्यात होते, त्यातले व्याख्यान महाराष्ट्र विसरला. चहावरून मात्र ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घेतली गेली. जिथे कान उघडण्याआधी पंगतीचा विचार करावा लागतो, तिथे मोकळे ऐकणे किती कठीण असेल, याचा विचार करा.

तरीही काहींनी तो धोका पत्करून ऐकले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे त्यांतले पहिले नाव. चित्पावन घराणे, वास्तव्य काशीला, जन्म १८२५चा. मिशनऱ्यांना वादात हरवावे म्हणून ते गेले. जॉन म्यूर यांनी संस्कृतात लिहिलेल्या ‘मतपरीक्षे’चे खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ऐन विशीत लिहिला. आणि खंडनासाठी जे वाचत होते तेच हळूहळू त्यांना ओढू लागले. १८४८ साली जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या वहीत इथे नोंद संपते. गोऱ्ह्यांच्या मनात मात्र वाद चालूच राहिला. महाराजा दुलीपसिंहांबरोबर ते इंग्लंडला गेले, ऑक्सफर्डला मॅक्सम्यूलरना भेटले. लंडनमध्ये जे पाहिले तो ख्रिस्ती धर्म असेल तर आपण परत जातो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार मॅक्सम्यूलरनी नोंदवले आहेत. ते परत गेले नाहीत. हिंदू दर्शनांची चिकित्सा करणारा ‘षड्दर्शनदर्पण’ त्यांनी हिंदीत लिहिला, अँग्लिकन पाद्री झाले, एका संन्यासी संघात उमेदवार म्हणून राहिले आणि कायमचे व्रत मात्र घेतले नाही. १८९५ साली वारले तोपर्यंत शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. काही लोक यात त्यांचा दुबळेपणा पाहतात. मला यात एका जातिवंत शास्त्र्याचा प्रामाणिकपणा दिसतो. पूर्वपक्ष मनात पुरता उभा केल्याशिवाय उत्तरपक्षाकडे जायचे नाही, ही काशीची शिस्त त्यांनी बाप्तिस्म्यानंतरही पाळली. इतकेच, की आता पूर्वपक्षही त्यांचा आणि उत्तरपक्षही त्यांचाच.

याच गोऱ्हेशास्त्र्यांशी पुण्यात पंडिता रमाबाईंची गाठ पडली. रमाबाईंच्या ऐकण्याची कथा लांब आहे, आणि मी ती थोडी सावकाश सांगणार आहे.

१८७८ साली भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर रमाबाई कलकत्त्याला आल्या. आईवडील दुष्काळात गेलेले, सारा देश पायी तुडवलेला, पुराणे मुखोद्गत. तिथे त्यांना एका ख्रिस्ती मेळाव्याला नेले गेले. प्रार्थना सुरू झाली तशी माणसे खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. समोर मूर्ती नाही, काही नाही. रमाबाईंना वाटले, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात. पुढे ‘माझी साक्ष’ लिहिताना त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. तिथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. संस्कृत त्यांच्या श्वासातले, तरी ते पुस्तक त्यांना उमगले नाही. भाषा ओळखीची, गाठ मात्र पडली नाही. कारण त्यांच्या मनातला प्रश्न त्या वेळी वेगळा होता.

तो प्रश्न पुढे तयार झाला. धर्मशास्त्रे वाचताना त्यांना दिसले की इतर बाबतींत परस्परांशी न जुळणारे ग्रंथ दोन गोष्टींत एकमताचे आहेत : स्त्री आणि शूद्र. बिपिनबिहारी मेधावींशी त्यांनी विवाह केला, सिलचरला संसार मांडला, आणि नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांना सापडली. १८८२ साली पती गेले. लहान मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या, मग १८८३ साली इंग्लंडला, वाँटेजच्या भगिनींकडे. त्या भगिनींनी त्यांना फुलहॅमचे एक आश्रमघर दाखवले. समाजाने टाकलेल्या स्त्रिया तिथे होत्या आणि चांगल्या घरच्या बायका त्यांची सेवा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. ज्या स्त्रीला आपली शास्त्रे शिक्षा सांगतात, तिची सेवा कशासाठी? त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली, विहिरीवर येशू जिच्याशी बोलला त्या बाईची. त्या दिवशी त्यांनी ऐकले. कलकत्त्याची संस्कृत प्रत जे करू शकली नाही ते त्या घराने केले. २९ सप्टेंबर १८८३ला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि लगेच त्या भांडू लागल्या. मी हा शब्द आदराने वापरतो. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे, तो जरूर वाचा. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, धर्ममंडळाचा अधिकार, मुलीला काय शिकवायचे, एकेका मुद्द्यावर त्या अडून बसतात. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा त्या पेटून उठल्या. एका पुरोहितशाहीच्या अधिकारातून सुटून दुसरीच्या हाताखाली जाण्यासाठी आपण आलो नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर आहे. शाकाहार सोडला नाही. शारदासदन १८८९ साली मुंबईत काढले, ते पुढे पुण्यात आणले. आणि मग १८९१च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. पुढे केडगावचे मुक्तिसदन, १९०५ची तिथली प्रार्थनेची लाट, आणि अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर, सदनातल्या अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून. १९२२ साली त्या वारल्या.

आता सांगा, रमाबाईंनी उपदेश केव्हा ऐकला? १८७८, १८८३ की १८९१? बाटली की नाही या प्रश्नाला १८८३ हे उत्तर पुरते. रमाबाईंना ते पुरले नाही.

घरात राहून ऐकणाऱ्यांची गोष्ट निराळी. नारायण वामन टिळकांना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला आणि १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निर्णय एकट्याचा, घाव दोघांवर. पत्नी लक्ष्मीबाईंनी तो काळ ‘स्मृतिचित्रां’त लिहिला आहे आणि मराठी वाचकाला तो सांगायची गरज नाही. माझे लक्ष एका गोष्टीकडे जाते. टिळकांना जे पटले ते काव्य, तत्त्व आणि देशाचे भले या वाटेने पटले. लक्ष्मीबाईंच्या मनात या कशाचाही शिरकाव झाला नाही. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचे सोवळे त्यांच्यापाशी होते. मग एके दिवशी त्यांनी स्वतःलाच विचारले, जात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांचे त्यांनी काढले आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी प्यायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. व्याख्यात्यांचे विद्वत्तापूर्ण उपदेश ज्या मनाला शिवले नाहीत, ते पाण्याच्या तांब्यापाशी बदलले. टिळक स्वतः १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांसाठी तो दरबार होता. मिशनचा रकाना त्यांनाही तोकडा वाटू लागला होता. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

इथवर मी ज्यांच्याबद्दल बोललो ती बहुतेक माणसे उच्चवर्णीय, लिहिती, आत्मचरित्रे मागे ठेवणारी. यांचा होकार-नकार आपण गंभीरपणे घेतो. गोऱ्हे तर्काने गेले, टिळक भावनेने, रमाबाई स्त्रीच्या दुःखापायी. नगर जिल्ह्यातला महार किंवा मांग गेला, की आपण म्हणतो, पोटासाठी बाटला. दीडशे वर्षे हे वाक्य चालत आले आहे. मी आज ज्या गोष्टीसाठी इथे उभा आहे ती ही, की हे वाक्य अन्यायाचे आहे.

अमेरिकन मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे केले. तिथेही पहिल्या वर्षांत आनंद झाला तो ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले याचा. पण मंडळी वाढली ती गावकुसाबाहेर, वडाळ्यासारख्या खेड्यांतून. तिथल्या श्रोत्याने काय ऐकले असेल? ते समजायला १८५६ सालच्या एका अर्जाकडे पाहावे. त्या वर्षी धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो दिला नाही. इतर मुले शाळा सोडतील, हे कारण. राणीचे राज्य येण्याच्या उंबरठ्यावर, सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेचे दार त्या मुलाला बंद होते. मिशनच्या शाळेत त्याला बसायला जागा होती. देवाच्या दृष्टीने सारी माणसे सारखी, हे वाक्य शास्त्र्याच्या कानावर पडले तेव्हा तो एक सिद्धान्त होता, त्याला पुरावा मागता येत होता. महाराच्या कानावर ते पडले तेव्हा पुरावा समोर बसलेला होता. सतरंजीवर. हातात पाटी घेऊन.

१८७६ ते ७८चा दुष्काळ पडला, मग शतकाच्या अखेरीस आणखी दोन. त्या वर्षांनंतर नगर भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरे. धान्य मिळाले म्हणून माणसे आली, हेही खरे. मिशनरी स्वतः त्यांच्याकडे संशयाने पाहत आणि बाप्तिस्म्याला थांबवून ठेवत. पण मला विचारायचे आहे, की उपाशी माणसाने ‘मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिले’ या अर्थाची शिकवण ऐकली आणि देणाऱ्याच्या हाताकडे पाहिले, तर त्याचे ऐकणे खोटे कसे? रमाबाईंचे मन फुलहॅमचे घर पाहून वळले. तेही एक काम पाहूनच वळले होते. विदुषीने कृती पाहून धर्म पारखला तर तो विवेक, आणि मांगाने तेच केले तर लोभ, ही दोन मापे मला मान्य नाहीत. शिवाय ख्रिस्ती होणे त्यालाही फुकट नव्हते. गावकीची कामे नाकारली तर बलुते बंद, देवीच्या जत्रेला रेडा ओढायला नकार दिला तर पाटलाचा रोष, आणि सोयरीक जुळायची ती त्याच जातभाईंत.

शिवाय तळातल्या माणसाने ऐकले म्हणजे तो ख्रिस्तीच झाला, असेही नव्हे. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी. तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आला. हे अमेरिकन मिशनचे पत्र. त्या मुलीने ब्राह्मणांना सांगितले की वेद तुमचेच असतील तर आम्हाला धर्मग्रंथच नाही. आणि ज्या धर्माने एकाने भोगावे व बाकीच्यांनी तोंडाकडे पाहावे तसले धर्म पृथ्वीवरून नाहीसे होवोत, असे तिचे मागणे होते. आपण धर्मरहित आहोत, असे तिने ख्रिस्ती नियतकालिकाच्या पानावर लिहिले. तिने तिथे कोणता धर्म स्वीकारल्याचे जाहीर केले नाही. आधी तिने रिकामी जागा दाखवून दिली.

तिचे गुरू जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून आले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. ख्रिस्ती उपदेश त्यांच्याइतका जवळून ऐकणारे पुण्यात थोडेच असतील. टॉमस पेनही त्यांनी वाचला. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. येशूला त्यांनी बळीराजाच्या रांगेत बसवले, आणि १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त असे एक कुटुंब कल्पिले, की ज्यात बायको, नवरा, मुलगी, मुलगा आपापल्या मनाने वेगवेगळे धर्म पाळतात आणि एकमेकांवर प्रेम करून एकत्र राहतात. रमाबाईंवर सारे पुणे तुटून पडले तेव्हा १८८५ साली ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेणारे जोतीरावच. त्यांचा प्रतिसाद कोणत्याही वहीत बसत नाही. मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोकळा प्रतिसाद वाटतो.

शेवटचा श्रोता डॉ. आंबेडकर. १९३८च्या जानेवारीत सोलापूरला त्यांनी ख्रिस्ती बांधवांपुढे भाषण केले. आपल्या मनावर दोन थोर पुरुषांचा पगडा आहे, बुद्ध आणि ख्रिस्त, असे त्यांनी सांगितले. आणि मग त्यांनी ख्रिस्ती समाजालाच जाब विचारला : तुमच्यातली बहुसंख्य माणसे अस्पृश्यांतून आली, शिक्षण तुम्हाला मिळाले, तरी आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध राजकीय लढा तुम्ही का उभा केला नाही? दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातींच्या बैठका वेगळ्या आहेत, याचीही त्यांना जाणीव होती. अठरा वर्षांनी नागपूरला त्यांनी बुद्धाचा मार्ग घेतला.

त्यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू राज्याकडे येते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात एकाच आडनावाची, एकाच आळीतली दोन घरे असतील, एकाच्या पणजोबाने शंभर वर्षांपूर्वी उपदेश ऐकून होकार दिला असेल आणि दुसऱ्याच्या पणजोबाने तोच उपदेश ऐकून मान हलवून घरची वाट धरली असेल, तर आज त्यांच्या पणतवांना तहसील कचेरीत मिळणारे दाखले वेगळे आहेत. गावाने मात्र त्या दोन घरांत कधी फरक केला नाही, पाणवठ्यावर नाही आणि सोयरिकीतही नाही. त्या पणजोबांनी काय ऐकले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या घरांतून अजून काही जुनी माणसे आहेत, ज्यांना आजीने सांगितलेले आठवते. तरुण अभ्यासकांनी आता त्यांच्याकडे जावे, आणि जाताना बाटला की नाही हा प्रश्न घेऊन जाऊ नये.